परफॉर्मन्स कॅम बसवताना: निवड, मोजमाप आणि जोडणीचा योग्य क्रम

कॅम म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, आणि परफॉर्मन्स कॅम म्हणजे ते जास्त किंवा जास्त वेळ उघडे ठेवणारा. असा कॅम बसवलेल्या गाड्यांच्या तीन तक्रारी कोल्हापुरातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. गाडी वरच्या आरपीएमला पळते, पण खालून ओढतच नाही. काही महिन्यांतच कॅमचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) आणि रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारा तरफेसारखा भाग) खाल्ला गेला. तिसरी तक्रार सगळ्यात महागडी: पहिल्यांदा चालू करतानाच व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकला. तिन्ही वेळा दोष कॅमवर ढकलला जातो. प्रत्यक्षात पहिली तक्रार चुकीच्या निवडीतून येते, दुसरी स्प्रिंग, ऑइल आणि रनिंग-इनमधून (नवे भाग सुरुवातीला कसे चालवले त्यातून) आणि तिसरी न घेतलेल्या मापातून.

खालचा क्रम एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर आणि हेडमध्ये चेनवर फिरणारा कॅम असलेली मोटरसायकल धरून लिहिला आहे. पुशरॉडच्या (कॅम खाली असून लांब दांड्यांनी रॉकर हलवणाऱ्या) बुलेटला जिथं वेगळं करावं लागतं, तिथं तसं सांगितलं आहे. बोल्टचे टॉर्क मात्र तुमच्याच इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. ऐकीव आकड्यांवर हेड आवळू नका.

## टप्पा १: गाडी कुठल्या आरपीएमला चालते ते आधी लिहून काढा

कॅम बदलला की टॉर्कची जागा बदलते. याचं मुख्य कारण म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याची वेळ. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला तरी इनटेक थोडा वेळ उघडाच असतो. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेला इतका वेग असतो, की पिस्टन वर येत असतानाही ती सिलिंडरमध्ये शिरत राहते. खालच्या आरपीएमला तो वेग नसतो, त्यामुळे तीच हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. परफॉर्मन्स कॅम इनटेक आणखी उशिरा बंद करतो, म्हणून वरती मिळतं आणि खालती जातं. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती मिमी उघडतो ते), पोर्ट, सायलेन्सर यांनी हा हिशेब थोडा सुधारतो, पण टळत नाही.

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. किलोवॅट काढायचे तर न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९५४९. ४००० आरपीएमला २८ न्यूटन-मीटर म्हणजे ११.७ किलोवॅट. टॉर्क २६ वर आला, पण तो ६००० आरपीएमपर्यंत टिकवला, तर १६.३ किलोवॅट. वाढलेली पॉवर इथून येते, आणि इंजिनाचं आयुष्य कमी करणारा ताणही इथूनच येतो.

जुन्या ३४६ सीसी बुलेटचा स्ट्रोक ९० मिमी आहे. कंपनीने दिलेल्या कमाल पॉवरच्या ५२५० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.७५ मीटर होतो. तेच इंजिन ६५०० ला फिरवलं तर १९.५ मीटर. पिस्टनच्या जडत्वाचा झटका आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे या उदाहरणात सुमारे ५३ टक्क्यांनी. तो कनेक्टिंग रॉड, गजन पिन आणि क्रँकपिनवर पडतो. त्यामुळे वरच्या आरपीएमचा कॅम घ्यायचा तर खर्चात सगळ्यात स्वस्त वस्तू कॅमच असते, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आठवडाभर गाडी चालवताना लक्ष ठेवा. रंकाळा ते दसरा चौक अशा फिरण्यात बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्या २५०० ते ४००० मध्येच असतात. कागलकडे हायवेला लागल्यावर थोड्या वर जातात. डबलसीट पन्हाळा चढणारी गाडी असेल, तर खालचा टॉर्क घालवून तुमच्या हाती काही लागणार नाही. अशा गाडीसाठी स्टॉकपेक्षा (कंपनीच्या मूळ कॅमपेक्षा) १ मिमी लिफ्टला मोजलेलं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो ते, ८ ते १२ अंश जास्त असलेला कॅम पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापुढचे कॅम ट्रॅकसाठी.

इशारा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते, आणि मोठ्या ओव्हरलॅपमुळे (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याच्या काळामुळे) न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून बाहेर पडून पीयूसीला अडचण येते. गाडी ट्रॅकसाठी बांधत असाल तर ती ट्रॅकवरच चालवा. हुपरी रस्त्याकडे आपल्याकडे त्यासाठी जागा आहे.

## टप्पा २: कॅम कार्ड वाचायला शिका

कार्ड नसलेला कॅम घेऊ नका. 'स्टेज टू' एवढं नाव सांगून विकलेल्या कॅमबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. कार्डवर हे असायला हवं: लिफ्ट, कुठल्या लिफ्टला मोजलेलं ड्युरेशन, इनटेक व एक्झॉस्टच्या उघडण्या-मिटण्याचे अंश, टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह बंद असताना रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट).

उदाहरण घेऊ. इनटेक टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असण्याच्या क्षणाच्या) १० अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन अगदी तळाला गेल्यानंतर) ४० अंशांनी मिटतो. ड्युरेशन १० + १८० + ४० = २३० अंश. त्याचं निम्मं ११५, त्यातून १० वजा केले की इनटेकची सेंटरलाइन (उघडण्या-मिटण्याचा मध्य) टीडीसीनंतर १०५ अंशांवर. एक्झॉस्ट बीडीसीच्या ४२ आधी उघडतो, टीडीसीनंतर ८ ला मिटतो. म्हणजे ड्युरेशन पुन्हा २३० आणि सेंटरलाइन टीडीसीच्या १०७ आधी. दोन्हींची सरासरी १०६, हा लोबमधला कोन. ओव्हरलॅप १० + ८ = १८ अंश.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे दोन कॅमचं ड्युरेशन वेगवेगळ्या लिफ्टला मोजलेलं असताना त्यांची तुलना करणं. एक विक्रेता ०.१ मिमीला मोजून २८० सांगतो, दुसरा १ मिमीला मोजून २४० सांगतो, आणि गिऱ्हाईक २८० चा घेऊन जातं. प्रत्यक्षात दुसरा कॅम जास्त आक्रमक असू शकतो.

दुसरी चूक फक्त लिफ्ट बघण्याची. लोबची लिफ्ट आणि व्हॉल्व्हची लिफ्ट वेगळी असते. लोबची लिफ्ट गुणिले रॉकरचं प्रमाण, त्यातून टॅपेट गॅप वजा, ही व्हॉल्व्हची खरी लिफ्ट.

## टप्पा ३: आहे ते इंजिन आधी तपासा

दमलेल्या इंजिनात नवा कॅम घालणं म्हणजे पैसे पाण्यात. काहीही खोलण्याआधी:

- गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन मोजा आणि आकडा लिहून ठेवा. शक्य असेल तर लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून गळते ते पाहणं) करा. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आली तर इनटेक, क्रँककेसच्या ब्रीदरमधून आली तर रिंगा.
- थ्रॉटल सोडून पुन्हा पिळल्यावर निळा धूर येतो का ते पाहा. येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड किंवा सील गेलेलं आहे.
- टायमिंग चेनचा आवाज, टेन्शनर किती बाहेर आलाय ते पाहा.
- हेडपर्यंत ऑइल पोहोचतंय का ते पाहा.

शेवटी एक स्वतःची चाचणी घ्या. वाघबीळवरून पन्हाळ्याकडे चढताना ठरावीक दोन खुणांमध्ये, तिसऱ्या गिअरला, ठरावीक वेगाने सुरुवात करून गाडी कशी ओढते ते नोंदवा. हायवेवर चौथ्या गिअरला मोकळ्या सरळ पट्ट्यात कायदेशीर वेगाच्या आत पिकअपची वेळ घ्या. कॅम बदलल्यावर हेच पुन्हा करायचं आहे. ही नोंद नसेल तर नंतर सायलेन्सरचा आवाज वाढला की गाडी पळतीय असंच वाटत राहतं.

चेक: कॉम्प्रेशन मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर इथेच थांबा. आधी रिंगा, व्हॉल्व्ह, सीट करून घ्या.

## टप्पा ४: नवा कॅम की ग्राइंड केलेला

आपल्या शहरात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंग सगळं एका हाकेवर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, हात कसबी आहेत. त्यामुळे जुनाच कॅम घासून 'रेस कॅम' करून घेण्याचा मोह होतो. काम होऊ शकतं, पण दोन गोष्टी कळल्याशिवाय करू नका.

पहिली गोष्ट बेस सर्कल. लोबचं टोक तसंच ठेवून लिफ्ट वाढवायची तर मागचा गोल भाग घासून लहान करावा लागतो. मग रॉकर खाली बसतो, टॅपेट स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो, आणि रॉकरचा स्पर्श व्हॉल्व्हच्या टोकाच्या मध्यावरून सरकून कडेला जातो. कडेला दाब पडला की व्हॉल्व्ह गाइडवर आडवा रेटला जातो आणि गाइड लंबवर्तुळाकार होतं. कॅम बदलल्यानंतर काही महिन्यांनी सुरू होणाऱ्या निळ्या धुराचं एक मोठं कारण हेच.

दुसरी गोष्ट कडकपणा. लोबचा कडक थर वरवरचा असतो. तो घासून गेला की खालचं मऊ लोखंड रॉकरला भिडतं. लोबवर वेल्डिंगने भर टाकून घासून घेतलं असेल तर त्यानंतर हीट ट्रीटमेंट झाली का हे विचारा, आणि हार्डनेस टेस्टरवर आकडा बघून मगच पैसे द्या. कानस फिरवून बघणे ही खेडवळ चाचणी चालते, पण फक्त नाकारण्यासाठी: कानस धरली तर कॅम नको, घसरली तरी टेस्टरचा आकडा हवाच.

कॅम हातात आल्यावर उजेडात आडवा धरा आणि लोबच्या टोकावरून नख फिरवा. ग्राइंडिंगच्या लाटा नखाला लागता कामा नयेत. टोकाच्या बाजूला निळसर-तपकिरी डाग दिसला तर ग्राइंडिंग करताना तो भाग तापला आहे, म्हणजे तिथला कडकपणा गेलेला असू शकतो. असा कॅम परत करा.

रॉकर नवे घ्या, किंवा जुन्या रॉकरचे पॅड ग्राइंड करून हार्ड क्रोम करून घ्या. जुन्या लोबवर झिजलेला पॅड नव्या लोबवर चालवला, तर तो नव्यालाही झिजवतो. इथे वाचवलेले पैसे दुपटीने जातात.

अनेक सिंगल सिलिंडर इंजिनांत कॅमवरच ऑटो-डीकॉम्प्रेसर (चालू करताना कॉम्प्रेशन कमी करणारी यंत्रणा) असतो. तो नव्या कॅमवर आहे का, नसेल तर जुन्यावरून बदलता येतो का, हे खरेदीच्या वेळीच पाहा. तो विसरला तर किक उलटी मारते आणि सेल्फचा स्टार्टर क्लच तुटतो.

## टप्पा ५: स्प्रिंग तपासा

नव्या लिफ्टला स्प्रिंग पूर्ण दबल्यावर तिची वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. कमाल लिफ्टला सगळ्या वेटोळ्यांमध्ये मिळून किमान १ ते १.५ मिमी जागा शिल्लक हवी. तसंच रिटेनरचा (स्प्रिंगला व्हॉल्व्हवर धरणाऱ्या चकतीचा) तळ आणि व्हॉल्व्ह सीलचा माथा यांच्यात किमान १ मिमी. हे वाइसमध्ये स्प्रिंग दाबून, व्हर्नियर लावून अर्ध्या तासात मोजून होतं. बहुतेक लोक मोजत नाहीत, आणि सील फाटल्यावर सीलच्या कंपनीला नावं ठेवतात.

आता कडक स्प्रिंगचा मोह. स्प्रिंग मऊ असेल तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबच्या मागे धावू शकत नाही, तरंगतो, आणि पिस्टनला लागू शकतो. म्हणून थोडी जास्त ताकद लागते. पण जरुरीपेक्षा कडक स्प्रिंग घातली की लोबच्या टोकावरचा दाब वाढतो, चेनला जास्त हिसके बसतात, आणि पॉवरही फुकट जाते. लोबच्या टोकावरचा दाब सगळ्यात जास्त असतो तो आयडलिंगला. वरच्या आरपीएमला टोकाशी व्हॉल्व्हचं जडत्व स्प्रिंगच्या विरुद्ध काम करून तिचा भार हलका करतं, आयडलिंगला तो दिलासा नसतो. शिवाय तेव्हा ऑइलही कमी उडतं. टप्पा ९ मधला सगळ्यात महत्त्वाचा नियम इथून आला आहे.

कॅम बनवणाऱ्याने सुचवलेलीच स्प्रिंग घ्या. दुसऱ्या गाडीची 'बसतीय म्हणून' घातलेली स्प्रिंग नको.

## टप्पा ६: खोलणे आणि खरा टीडीसी शोधणे

गाडी धुऊन घ्या. हेडभोवतीची माती आत पडली तर बाकीच्या सगळ्या काळजीला अर्थ राहत नाही. टेन्शनर सैल करण्याआधी मूळ टायमिंगच्या खुणांचा फोटो काढा. चेन तारेने वर बांधून ठेवा आणि चेनच्या बोळात स्वच्छ फडकं कोंबा.

मॅग्नेटोवरची 'टी' खूण साधारण असते, कॅमचे अंश मोजायला ती पुरत नाही. क्रँकच्या टोकाला डिग्री व्हील (अंश कोरलेली चकती) लावा, तारेचा काटा करा आणि स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) बसवा. रॉकर सैल करून, व्हॉल्व्ह बंद असताना, हाताने हळू क्रँक फिरवा. पिस्टन थांबला की अंश वाचा, मग उलटा फिरवून दुसरीकडे वाचा. एका बाजूला ३८ आणि दुसऱ्या बाजूला ४४ आले तर व्हील ३ अंश सरकवा, दोन्हीकडे ४१ यायला हवेत. आता शून्य म्हणजे खरा टीडीसी. स्टॉप काढून घ्या.

इशारा: पिस्टन स्टॉप बसवलेला असताना सेल्फ किंवा किक अजिबात नको. पिस्टनला भोक पडतं.

## टप्पा ७: डिग्री करा (कॅमचं टायमिंग अंशांत मोजून जुळवा), आणि मगच पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर मोजा

सगळ्यात जास्त गफलत याच टप्प्यात होते. लोक आधी व्हॉल्व्हचं अंतर मोजतात, ते बरोबर आलं म्हणून निश्चिंत होतात, मग टायमिंग चार अंश पुढे-मागे करतात. टायमिंग हललं की अंतर बदलतं. कॅम पुढे घेतला (व्हॉल्व्ह लवकर उघडू लागले) की इनटेकचं अंतर कमी होतं, मागे घेतला की एक्झॉस्टचं. म्हणून आधी टायमिंग पक्कं करा, मग अंतर मोजा.

यासाठी खऱ्या स्प्रिंगा काढून हलक्या तपासणी स्प्रिंगा घाला. पेनातल्यापेक्षा थोड्या ताठ, व्हॉल्व्ह नुसता मिटता ठेवतील इतपत पुरेत. चेन आणि टेन्शनर मात्र नेहमीसारखे पूर्ण बसवा. डायल गेजचं टोक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, व्हॉल्व्हच्या सरळ रेषेत ठेवा. क्रँक फक्त इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा. अंश हुकले तर मागे फिरवून बरोबर करू नका, कारण चेनचा ढिलेपणा मोजमापात येतो. दोन फेऱ्या पूर्ण करून पुन्हा या.

कार्डवर १ मिमीला १० आधी उघडणे आणि ४० नंतर मिटणे असं असेल, आणि तुम्हाला १४ आणि ३६ मिळाले, तर कॅम ४ अंश पुढे आहे. ड्युरेशन बरोबर आहे, फक्त जागा चुकली आहे. लांबट भोकांचं स्प्रॉकेट असेल तर कॅम २ अंश मागे घ्या. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून कॅमचे २ म्हणजे क्रँकचे ४. आकडे दोन्ही बाजूंनी जुळत नसतील, म्हणजे ड्युरेशनच वेगळं येत असेल, तर टॅपेट गॅप, डायलचा कोन पुन्हा तपासा. तरी जुळलं नाही तर कॅम कार्डाबरहुकूम घासलेला नाही.

३४ दातांच्या स्प्रॉकेटवर चेन एक दात चुकली की क्रँकचे २१ अंश जातात. म्हणजे डोळ्याने 'जवळपास' जुळवणं इथे चालत नाही. हेड घासून घेतलं असेल किंवा पातळ गॅस्केट घातलं असेल, तर हेड खाली आल्याने कॅम थोडा मागे पडतो. अशा इंजिनात खुणा जुळूनही टायमिंग चुकलेलं असतं.

आता अंतर. टीडीसीच्या २० अंश आधीपासून २० अंश नंतरपर्यंत दर ५ अंशांना थांबा. रॉकरवर बोटाने दाबून व्हॉल्व्ह पिस्टनला टेकेपर्यंत न्या, आणि डायलवर तो किती गेला ते लिहा. एक्झॉस्ट सहसा टीडीसीच्या १० ते १५ अंश आधी सगळ्यात जवळ येतो, इनटेक तेवढाच नंतर. हलक्या स्प्रिंगा नसतील तर पिस्टनच्या खोबणीत प्लॅस्टिसिनच्या पट्ट्या ठेवा, व्हॉल्व्हला थोडं ऑइल लावा. दबलेलं जुनं गॅस्केट घालून हेड पूर्ण टॉर्कला आवळा, हाताने दोन फेऱ्या फिरवा, उघडा, ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा.

छोट्या सिंगल सिलिंडरला मी इनटेकला १.५ मिमी आणि एक्झॉस्टला २ मिमीच्या खाली जाऊ देत नाही. एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापून लांबतो, आणि तरंगला तर वर येणारा पिस्टनच त्याला गाठतो. व्हॉल्व्हच्या कडेभोवती खोबणीत १ मिमी मोकळं हवं. कमी पडलं तर खोबणी खोल करून घेता येते, पण आधी पिस्टनच्या माथ्याची जाडी मोजा.

क्रँक फिरवताना कुठेही अडलं तर पान्यावर जोर देऊ नका. अडणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडलेली असते.

बुलेटवाल्यांसाठी: ३४६ सीसी यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) इंजिनात दोन कॅम गिअरवर फिरतात आणि हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबाने गॅप स्वतः भरून काढणारे भाग) असतात. मोजताना लिफ्टर हळूहळू बसतो, त्यामुळे अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोजण्यापुरता आतून पक्का केलेला लिफ्टर वापरा. पुशरॉडची लांबीही नव्या बेस सर्कलप्रमाणे तपासावी लागते.

## टप्पा ८: शेवटची जोडणी

खऱ्या स्प्रिंगा बसवा. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्कर पेनाची शाई लावून क्रँक काही वेळा फिरवा आणि रॉकरचा घासल्याचा पट्टा पाहा. तो मध्याच्या आसपास आणि अरुंद हवा.

लोब आणि रॉकर पॅडवर मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा, बेअरिंग आणि जर्नलवर नुसतं इंजिन ऑइल. स्प्रॉकेटचे बोल्ट स्वच्छ करून निळं थ्रेडलॉक लावा आणि टॉर्क रेंचने आवळा. टॅपेट गॅप कॅम कार्डावरचा ठेवा, स्टॉकचा नाही. कॅमच्या सुरुवातीला हळू चढणारा उतार त्या गॅपच्या हिशेबाने घासलेला असतो. गॅप जास्त ठेवला तर व्हॉल्व्ह सीटवर आपटतो. कमी ठेवला तर तो पूर्ण मिटत नाही आणि एक्झॉस्ट जळतो. टॅपेटचा आवाज नको म्हणून गॅप कमी करून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांना नम्रपणे थांबवा.

कॅमच्या खालच्या खळग्यात ऑइल ओता. प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, हेडमध्ये ऑइल येताना डोळ्यांनी दिसेपर्यंत क्रँक फिरवा.

## टप्पा ९: पहिली स्टार्ट

गाडी एका प्रयत्नात चालू व्हायला हवी, त्यामुळे पेट्रोल आणि स्पार्क आधी तपासून ठेवा. वारंवार किक मारत राहिलात तर लोबवरची पेस्ट पुसली जाते.

चालू झाल्यावर आयडलिंगला सोडू नका. लगेच २००० ते ३००० च्या दरम्यान, कमी-जास्त करत ठेवा. पण एअर-कूल्ड गाडी उभ्या जागी वीस मिनिटं अशी ठेवली तर ती तापते. गळती नाही, विचित्र आवाज नाही एवढं मिनिट-दोन मिनिटांत पाहा आणि रस्त्याला लागा. रविवारी सकाळी एमआयडीसीतले रस्ते मोकळे असतात, तिथं हलक्या थ्रॉटलवर वीस मिनिटं चालवा. सिग्नलला उभं राहावं लागेल असा रस्ता नको. परत आल्यावर ऑइल गरम असतानाच काढा. राखाडी, रेशमासारखी बारीक चमक चालते. नखाला लागणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर रॉकर कव्हर उघडाच.

ऑइल ग्रेड मॅन्युअलप्रमाणे आणि जॅसो (मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२. कारचं, घर्षण कमी करणारं ऑइल घातलं तर क्लच घसरतो.

## टप्पा १०: पेट्रोल आणि इग्निशन जुळवा

जास्त ओव्हरलॅपमुळे आयडलिंगला व्हॅक्यूम कमी होतो. दाबाच्या सेन्सरवर चालणाऱ्या ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं की इंजिनावर लोड आहे, आणि तो जास्त पेट्रोल देतो. म्हणून आयडलिंगला काळा प्लग आणि पेट्रोलचा वास. वरच्या आरपीएमला उलट, हवा जास्त येते आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. आयडलिंगचा त्रास लगेच दिसतो म्हणून लोक तो दुरुस्त करतात, आणि वरचा लीनपणा पिस्टन वितळेपर्यंत कळत नाही. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक मोजणारा) सेन्सर लावून पूर्ण थ्रॉटलला ते प्रमाण १२.८ ते १३.२ च्या आसपास ठेवा. स्टॉक ऑक्सिजन सेन्सर पूर्ण थ्रॉटलला मदत करत नाही.

कार्बोरेटरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे अगदी काटेकोर बसवलेलं जेट करूळ किंवा फोंडा घाट उतरून मालवणला गेल्यावर लीन पडतं, कारण खाली हवा दाट असते. कोकणात नेहमी जाणार असाल तर जेट किंचित रिच (जास्त पेट्रोलच्या) बाजूला ठेवा.

आरपीएम लिमिटर काढून टाकू नका. तो टप्पा १ मधला पिस्टनचा वेग आणि स्प्रिंगची क्षमता पाहून ठरवा.

## टप्पा ११: नंतरच्या तपासण्या

५०० किमीला ऑइल, फिल्टर आणि टॅपेट. गॅप वाढला असेल तर लोब किंवा पॅड झिजतोय. कमी झाला असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसतोय. एकाच व्हॉल्व्हचा गॅप दोनदा वाढलेला आढळला तर तो पुन्हा सेट करून गाडी देऊ नका, कव्हर उघडून लोब बघा. टोकावर मॅट डाग किंवा खड्डे दिसले तर कॅम आणि रॉकर जोडीने बदलायचे, आणि ऑइल पंपाची जाळीही साफ करायची, कारण निघालेला धातू तिथेच साठतो.

कॉम्प्रेशन पुन्हा मोजलं तर आकडा आधीपेक्षा कमी दिसेल. इनटेक उशिरा मिटत असल्याने तो कमी येणारच, रिंगा गेल्या म्हणून सिलिंडर खोलायला घेऊ नका. नवा आकडा लिहून ठेवा, पुढची तुलना त्याच्याशी.

मग वाघबीळचा चढ, तोच गिअर, त्याच दोन खुणा. गाडी आधीपेक्षा मंद ओढत असेल आणि तुमचं रोजचं चालवणं तिथलंच असेल, तर कॅम क्रँकचे ४ अंश पुढे घेऊन पाहा. खालचा टॉर्क थोडा परत येतो. मात्र त्यानंतर इनटेकचं अंतर पुन्हा मोजल्याशिवाय गाडी चालू करू नका.